मॅग्नेट शाळेत जागा मिळाली आणि टाउन म्हणतं ‘बजेट नाही’: कनेक्टिकटमध्ये हे पैसे कोण भरतं?

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या आग्नेय भागात एका लहान टाउनमध्ये राहतं; टाउन म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था. मुलीला ग्रोटनच्या मरीन सायन्स मॅग्नेट हायस्कूलमध्ये नववीसाठी लॉटरीतून जागा मिळाली. मॅग्नेट म्हणजे खास विषयावर भर देणारी, अनेक टाउनच्या मुलांसाठीची सार्वजनिक शाळा. टाउनच्या शाळा कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, “यंदा मॅग्नेटसाठी बजेटमध्ये पैसे नाहीत, आमचा जागांचा कोटा भरला.” आता फी आम्हाला भरावी लागेल का, बस मिळेल का, आणि मुलीला आयईपी (विशेष शिक्षणाचा तिच्यापुरता लेखी आराखडा) आहे त्याचं काय, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

आधी मनावरचं ओझं उतरवतो. नववी ते बारावीची फी आईवडिलांवर येत नाही. शाळा सार्वजनिक आहे. अपवाद फक्त बालवाडीचा. काही मॅग्नेट शाळांत प्री-के वर्गासाठी पालकांच्या उत्पन्नानुसार शुल्क असतं. तुमच्या मुलीला ते लागू नाही. तुम्हाला कुठे ‘ट्यूशन’ हा शब्द दिसला असेल तर तो मराठी कानाला फसवणारा आहे. इथे ट्यूशन म्हणजे शिकवणी नाही आणि पालकांची फीही नाही. एका टाउनच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने, म्हणजे शाळा मंडळाने, दुसरी संस्था चालवत असलेल्या शाळेला दर विद्यार्थ्यामागे द्यायची ती रक्कम.

ती टाउनने का द्यायची, हे समजण्यासाठी रचना बघावी लागते. कनेक्टिकटमध्ये १९६० पासून काउंटी सरकारच नाही. १६९ टाउन आहेत आणि शाळांचा मुख्य भार त्या त्या टाउनच्या मालमत्ता करावर आहे. आपल्याकडे नवोदय विद्यालयात मूल गेलं तर खर्च केंद्र सरकार करतं, जिल्हा परिषदेच्या खिशाला झळ नाही. इथे मूल टाउनच्या शाळेतून बाहेर पडलं तरी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कायद्याने टाउनच्याच बोर्डाकडे राहते. सगळा वाद या एका गोष्टीतून निघतो.

मॅग्नेट शाळा चालवणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक, हार्टफर्ड किंवा न्यू हेवनसारखं शहराचं स्वतःचं शाळा मंडळ. दुसरी, प्रादेशिक शिक्षण सेवा केंद्रं, ज्यांना सगळे ‘रेस्क’ म्हणतात. हार्टफर्ड भागात क्रेक, तुमच्या भागात लर्न. मरीन सायन्स लर्न चालवते. रेस्कला कर लावायचा अधिकार नाही, म्हणून तिचं उत्पन्न मुख्यतः दोन वाटांनी येतं: राज्याचं अनुदान आणि टाउनची ट्यूशन.

राज्याचं अनुदान कलम १०-२६४एल खाली मिळतं आणि ते शाळा कोण चालवतं, मूल कुठून येतं यावर बदलतं. २०२४-२५ च्या आधी कायद्यात लिहिलेले दर पाहिले तर फरक लक्षात येतो. हार्टफर्डच्या मंडळाने चालवलेल्या शाळेत उपनगरातून आलेल्या मुलामागे १३,३१५ डॉलर. हार्टफर्ड भागातल्या रेस्कला १०,६५२. त्या भागाबाहेरच्या रेस्कला, म्हणजे तुमच्याकडे, ८,०५८. शहर मंडळाच्या शाळेत त्याच शहरातलं मूल असेल तर फक्त ३,०६०. हार्टफर्डला जास्त का, तर ‘शेफ विरुद्ध ओ’नील’ या खटल्यामुळे. तो १९८९ मध्ये दाखल झाला आणि १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्टफर्डच्या शाळांतलं वर्णावर आधारलेलं विलगीकरण घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतरच्या तडजोडींचा पैसा हार्टफर्ड आणि आजूबाजूच्या २१ टाउनमध्ये गेला. तुमचा भाग त्या बाहेर आहे. म्हणूनच रॉकी हिल किंवा साउथ विंडसरमधल्या ओळखीच्या मराठी कुटुंबाचा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. त्यांना बस राज्याच्या पैशातून मिळते; हार्टफर्डने चालवलेल्या शाळेत त्यांच्या टाउनला सर्वसाधारण ट्यूशनही द्यावी लागत नाही.

रेस्कने किती ट्यूशन मागायची, याचं मूळ सूत्र सोपं होतं: शाळेचा दर विद्यार्थी खर्च, वजा राज्याचं अनुदान आणि इतर उत्पन्न. अनुदान बरीच वर्षं गोठलेलं आणि पगार, विमा, इंधन वाढतं, त्यामुळे सगळी वाढ टाउनच्या डोक्यावर यायची. २०२३ मध्ये कायदा बदलला. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ट्यूशन ही २०२३-२४ मध्ये आकारलेल्या रकमेच्या ५८ टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाही, आणि कमी पडणारा भाग राज्याने भरायचा. म्हणजे समजा आधी ६,००० डॉलर घेतले जात होते, तर आता जास्तीत जास्त ३,४८०. टाउनच्या कार्यालयात जुनी कागदपत्रं, जुन्या बैठकांची इतिवृत्तं फिरत असतात आणि लोक जुनेच आकडे धरून घाबरतात. तुमच्याशी बोलणाऱ्याने कोणता आकडा डोक्यात धरला आहे, हे विचारून घ्या.

आता ‘बजेट नाही’ या वाक्याकडे येतो. बहुतेक वेळा ते खोटं नसतं, अर्धवट असतं. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. सुपरिंटेंडेंट (टाउनच्या शाळांचा प्रमुख अधिकारी) जानेवारीत मसुदा मांडतो, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर करतं, मग टाउनची वित्त समिती आणि अनेक ठिकाणी मे महिन्यात सार्वमत. लॉटरीचे निकाल वसंतात लागतात आणि प्रतीक्षा यादी ऑगस्टपर्यंत हलत राहते. बजेट बनवताना बिझनेस मॅनेजर गेल्या वर्षीच्या संख्येवरून अंदाज बांधतो. यंदा चार मुलं जास्त गेली की त्या ओळीत पैसे उरत नाहीत.

त्यामागचं दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं, आणि पालकांनी ते समजून घ्यावं. पालक म्हणतात, “मूल तुमच्या शाळेत नाही, म्हणजे तुमचे वीस हजार वाचले, त्यातले साडेतीन हजार द्यायला काय हरकत?” असं गणित चालत नाही. समजा टाउनची १२ मुलं मॅग्नेटला जातात, चार इयत्तांत प्रत्येकी तीन. प्रत्येक वर्गातून तीन मुलं कमी झाल्याने ना शिक्षक कमी होतो, ना बस, ना खोली गरम ठेवण्याचा खर्च. वाचतं अगदी थोडं, वह्यापुस्तकांपुरतं. ट्यूशन मात्र रोख बाहेर जाते: १२ गुणिले ३,४८०, म्हणजे ४१,७६० डॉलर. जुन्या दराने ती ७२,००० झाली असती. लहान टाउनमध्ये हा एका अर्धवेळ शिक्षकाचा प्रश्न असतो. म्हणून कार्यालयातला माणूस कुरकुरतो तेव्हा त्याला तुमच्या मुलीचं वाईट व्हावं असं वाटत नसतं. हे ओळखून बोललात तर पुढचं संभाषण निम्म्याने सोपं जातं.

तरीही कायदा स्पष्ट आहे. कलम १०-२२२ नुसार बोर्डाला एकूण मंजूर रक्कम हातात मिळते आणि शिल्लक किंवा करारात न अडकलेले पैसे ते एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवू शकतं. एका ओळीत पैसे संपले हे आतल्या नियोजनाचं कारण झालं, पैसे न देण्याचं कायदेशीर कारण नव्हे.

‘कोटा भरला’ याचा अर्थ मात्र नीट तपासावा लागतो. टाउन दोन स्थितींत असू शकतं. पहिली, त्याचा त्या शाळेशी लेखी सहभाग करार आहे. मग करारात ठरलेल्या संख्येइतक्या, किंवा मागच्या तीन वर्षांत त्या शाळेत गेलेल्या मुलांच्या सरासरीइतक्या जागांची संधी टाउनने दिलीच पाहिजे. ही किमान मर्यादा आहे. बोर्ड अनेकदा तिलाच कमाल मर्यादा समजून बोलतं. सरासरीचा हिशेब तुम्हीही करू शकता: तीन वर्षांत १०, ११ आणि १५ मुलं गेली असतील तर सरासरी १२ येते; करारात आकडा जुना आणि लहान असला तरी कार्यालयाला या सरासरीबद्दल विचाराच.

दुसरी स्थिती अशी की करार नाही, किंवा करारातल्या जागा संपल्या. सहभागी टाउनच्या मुलांना सामावून झाल्यावर शाळेत जागा उरली असेल तर शाळा इच्छुक विद्यार्थ्याला थेट प्रवेश देऊ शकते. त्यात सहभागी नसलेल्या टाउनच्या मुलांना प्राधान्य आहे. आणि अशा मुलासाठीही टाउनने तीच ट्यूशन द्यायची, जी सहभागी टाउन देतात. टाउनची परवानगी ही या प्रवेशाची अट नाही. टाउनने पैसे दिले नाहीत तर राज्याचे शिक्षण आयुक्त त्या टाउनला राज्याकडून मिळणाऱ्या ईसीएस या शिक्षण अनुदानातून तेवढी रक्कम रोखून शाळेला देऊ शकतात. इथे ‘शकतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे, दोन्हीकडे. शाळा थेट प्रवेश देऊ शकते, तिच्यावर सक्ती नाही. आयुक्त रोखू शकतात, रोखतीलच असं नाही. म्हणून तुमचा पहिला फोन टाउनला नको होता, शाळेला हवा होता. विचारायचं एकच: माझ्या मुलीला दिलेली जागा टाउनच्या करारातली आहे की उरलेल्या जागांतली? लॉटरीतून रीतसर देकार आला आहे, त्यामुळे शाळेने हे आधीच ठरवलेलं असतं.

ईसीएसचा उल्लेख झाला, तर एक गैरसमज दूर करतो. ईसीएस म्हणजे राज्याकडून टाउनला शिक्षणासाठी मिळणारं मुख्य अनुदान, दर विद्यार्थी ११,५२५ डॉलर या पायावर आणि टाउनच्या संपत्तीनुसार कमीजास्त. मॅग्नेटला गेलेलं मूल टाउनच्या ईसीएस गणतीत धरलं जातं. काही पालक सभेत उभे राहून म्हणतात, “माझ्या मुलीचे साडेअकरा हजार तुम्ही खाताय.” हा मुद्दा गरीब टाउनमध्ये जोरदार आहे. श्रीमंत टाउनला मात्र या पायाच्या किमान १ टक्काच मिळतो, म्हणजे मुलामागे सुमारे ११५ डॉलर. आपलं टाउन कोणत्या गटात आहे हे न बघता हा मुद्दा मांडला तर बोर्डातला कोणीतरी तो एका वाक्यात मोडून काढतो आणि तुमचं बाकीचं खरं म्हणणंही वाया जातं.

बसचा प्रश्न तुमच्यासाठी ट्यूशनपेक्षा कठीण आहे. हार्टफर्ड भागाबाहेर, दुसऱ्या टाउनमधल्या मॅग्नेट शाळेला बस द्यायची सक्ती टाउनवर नाही. दिली तर कलम १०-२६४आय खाली राज्य सरासरी दर मुलामागे १,३०० डॉलरपर्यंत परत देतं. सहा मुलांची व्हॅन धरली तर ७,८०० डॉलर. १८० दिवसांच्या शालेय वर्षात दिवसाला साधारण ४३ डॉलर. चालकाचा सकाळ-संध्याकाळचा पगारही त्यात निघत नाही. म्हणून “बस द्याच” असा आग्रह धरण्यापेक्षा आधीच धावणाऱ्या बसवर जागा मागावी.

तशी बस बहुधा असते. राज्याच्या टेक्निकल हायस्कूलला जाणाऱ्या मुलांची वाहतूक टाउनवर बंधनकारक आहे, आणि तुमच्या भागात एला टी. ग्रासो टेक्निकल हायस्कूल ग्रोटनमध्येच आहे. टाउनमधून तिकडे व्हॅन जात असेल तर मरीन सायन्सची मुलं त्याच फेरीत बसवता येतात. टाउनला वाढीव खर्च फार नाही आणि १,३०० डॉलरचा परतावा मिळण्याची वाट खुली. अडचण वेळेची. दोन शाळांच्या घंटा जुळत नसतील तर एका गटाला लवकर पोहोचून थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ मुलांवर लक्ष कोण ठेवणार हे शाळेकडून लेखी घ्यावं लागतं. ते न ठरवता सप्टेंबर उजाडला की पहिल्याच पावसात प्रकरण बिघडतं. शेजारच्या टाउनशी मिळून एक फेरी करणं हा दुसरा मार्ग. त्यात लर्नसारखी रेस्क मध्यस्थी करू शकते. घरापासून ठरलेल्या थांब्यापर्यंत तुम्ही सोडायची तयारी दाखवलीत तर होकार लवकर येतो.

आता आयईपी. यात चूक झाली तर मुलीचं वर्ष जातं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मॅग्नेटमध्ये गेल्यावरही तिची पीपीटी बैठक, म्हणजे नियोजन समितीची बैठक, राहत्या टाउनच्या मंडळानेच घ्यायची असते आणि मॅग्नेट शाळेच्या प्रतिनिधींना बोलवायचं असतं. मूल्यमापन, दर तीन वर्षांची फेरतपासणी, उन्हाळी सेवांचा निर्णय, सगळं याच बैठकीत. आयईपीत लिहिलेल्या सेवा मुलीपर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र पूर्णवेळ मॅग्नेट शाळेची. सेवा शाळेचा माणूस देवो की टाउनने पाठवलेला.

पैशाचं गणित असं: तिच्या शिक्षणाचा वाजवी खर्च, वजा शाळेला तिच्यासाठी इतर मार्गांनी मिळालेले पैसे, उरलेला फरक टाउन देतं. उदाहरणादाखल वाजवी खर्च २४,००० डॉलर, राज्याचं अनुदान ८,०५८ आणि ट्यूशन ६,००० धरली (दोन्ही २०२४-२५ च्या आधीच्या दराने), तर टाउनकडे आणखी ९,९४२ राहतात. राज्याचं जादा-खर्च अनुदान टाउनच्या सरासरी दर विद्यार्थी खर्चाच्या साडेचार पट ओलांडल्यावरच सुरू होतं. सरासरी २०,००० असेल तर उंबरठा ९०,०००. म्हणजे मध्यम स्वरूपाच्या आयईपीत टाउनला या अनुदानातून काही परत मिळत नाही. याचमुळे “आमच्या शाळेत याच सेवा आम्ही देऊ, मग तिकडे कशाला?” असं सुचवलं जातं. तो सल्ला ऐकून घ्या, पण अपंगत्वावरून लॉटरीतली जागा काढून घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात बिघाड कुठे होतो? बहुतेक वेळा तोंडी बदलात. मॅग्नेटमधला शिक्षक चांगल्या मनाने म्हणतो, “आठवड्याला दोनऐवजी तीन तास देऊ.” पीपीटी झालेली नसते. बिल आलं की टाउन म्हणतं, आयईपीत दोनच आहेत. दोन्ही कार्यालयांत पत्रं फिरतात आणि तिसरा तास बंद पडतो. दुसरी नेहमीची अडचण मदतनीस व्यक्तीची: नेमणूक टाउन करणार की शाळा, हे जूनपर्यंत ठरलं नाही तर ऑगस्टच्या शेवटी माणूस मिळत नाही. जागा स्वीकारल्याच्या आठवड्यातच पीपीटी बैठकीची लेखी मागणी करा, आणि बैठकीत प्रत्येक सेवेपुढे कोण देणार, कुठे देणार, हे लिहून घ्या.

राहण्याचा पुरावा किरकोळ वाटतो, पण बिलं सगळ्यात जास्त इथे अडतात. मॅग्नेटला प्रवेश घेतला तरी राहत्या टाउनच्या मंडळातही नोंदणी करून ठेवा. नोंदणी नसेल तर टाउनला बिलावरचं नावच ओळखता येत नाही आणि ते परत जातं. भाड्याचं घर असेल तर करार नव्याने झाल्यावर प्रत पाठवा. मध्ये टाउन बदललं तर त्या दिवसापासून जबाबदारी नव्या टाउनवर येते. दोन्हीकडे आणि शाळेलाही त्याच आठवड्यात कळवा. टाउनने राहण्याच्या मुद्द्यावर नकार दिला तर तुम्हाला बोर्डासमोर सुनावणी मागता येते, आणि लेखी मागणीनंतर १० दिवसांत ती घ्यावी लागते.

१ ऑक्टोबर ही तारीख घट्ट धरून ठेवा. त्या दिवशीच्या हजेरीपटावर राज्याचं अनुदान ठरतं. अनुदानाचे ७० टक्के सप्टेंबरच्या सुरुवातीला अंदाजावर येतात आणि उरलेले मे महिन्यात, पट कमी भरला असेल तर कापून. त्या तारखेनंतर आलेल्या मुलाचा राज्याचा हिस्सा शाळेला मिळत नाही, म्हणून शाळा तेव्हा रिकामी जागाही भरायला नाखूश असते. “टाउनशी बोलणं संपलं की मग जागा स्वीकारू” असं करू नका. देकाराची मुदत चुकली तर जागा पुढच्याला जाते. स्वीकारा, मग बोला.

अर्धवेळ मॅग्नेट, उदाहरणार्थ न्यू हेवनचं कलांचं केंद्र, वेगळ्या हिशेबाने चालतात. राज्य तिथे पूर्ण दराच्या ६५ टक्के देतं, मूल सकाळी टाउनच्या शाळेतच असतं, आणि दुपारी मधल्या वेळची बस लागते. टाउनला तिथे खरोखरच दुहेरी खर्च आहे, म्हणून जागांवर मर्यादाही कडक. तुमच्या प्रकरणात हे उदाहरण कोणी दिलं तर ते लागू नाही, असं सांगा.

पत्र कुणाला लिहायचं? सुपरिंटेंडेंट आणि बिझनेस मॅनेजर, दोघांना एकाच ईमेलमध्ये. मुलीचं नाव, इयत्ता, देकाराची तारीख, स्वीकारल्याची तारीख, राहण्याचा पुरावा जोडलेला. मग चार प्रश्न, एकेका ओळीत: मॅग्नेट शाळेशी आपला करार आहे का आणि त्यात किती जागा, मागच्या तीन वर्षांत किती मुलं गेली, ग्रोटनकडे जाणाऱ्या सध्याच्या व्हॅनमध्ये जागा आहे का, पीपीटी कधी. ‘हक्क’, ‘वकील’ हे शब्द पहिल्या पत्रात नकोत. दहा कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर बोर्डाच्या बैठकीत जनतेच्या बोलण्याच्या वेळी तेच चार प्रश्न वाचा. तिथे काही मिनिटंच मिळतात, म्हणून मुलीची आयईपी माहिती तिथे उघड करू नका. त्यानंतर राज्य शिक्षण विभागात मॅग्नेट शाळांचं काम पाहणाऱ्या शाखेला, लर्नला प्रत ठेवून. ट्यूशन वसूल करणं हे लर्नचं काम आहे, तुमचं नाही. टाउनकडून तुम्हाला बिल किंवा ‘पालक खर्च देतील’ असा सहीचा कागद आला, तर सही न करता तो जसाच्या तसा लर्नच्या वित्त विभागाकडे पाठवा.